इंजिन राहू द्या ताई, आधी ब्रेक आणि पत्रा बघू

चिपळूणहून एका शिक्षिकेचं पत्र आलंय. ते थोडक्यात असं:

"बाबांनी डिसेंबर 2011 मध्ये होंडा सिटी घेतली. पेट्रोल, मॅन्युअल गिअर, पुढे दोन एअरबॅग. रनिंग 94 हजार. आता बाबांना रात्रीचं नीट दिसत नाही, म्हणून गाडी माझ्याकडे आलीय. रोज खेडला शाळेत जाते आणि अधूनमधून कुंभार्ली घाटातून कराडला, सासरी. बाबा म्हणतात, 'जपानी गाडी आहे, हिला काही होत नाही. ऑइल बदल आणि चालव.' त्यांनी खरंच वर्षाचं ऑइल सोडून फारसं काही केलेलं नाही. कूलंट कमी झालं की नळाचं पाणी घालायचे. घाट उतरताना पेट्रोल वाचावं म्हणून गाडी न्यूट्रलला टाकायचे. 2021 च्या पुरात गाडी उंचावर नेऊन लावली होती, तरी पाणी निम्म्या चाकापर्यंत आलंच. पुण्याचा भाऊ म्हणतो, डिसेंबरात पंधरा वर्षं भरतील, त्याआधी विकून टाक आणि हप्त्यावर नवी एसयूव्ही घे. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन फ्लश आणि डीकार्बनायझिंग करून आतली घाण-काजळी काढा, गाडी नव्यासारखी होईल. आणि ई-20 म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या गाड्यांची इंजिनं जातात असं जो तो सांगतो. मला ही गाडी आवडते, हाताला हलकी आहे. दोन मुलं मागे बसतात. ठेवू का विकू?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाबा, गॅरेजवाले, ई-20 ची भीती घालणारे, सगळे इंजिनाबद्दल बोलतायत. बाबांना वाटतं त्याला काही होत नाही, गॅरेजवाल्यांना ते धुवायचंय, बाकीच्यांना ते जाईल असं वाटतं. तुमच्या गाडीत सगळ्यात शेवटी काही बिघडणार असेल तर ते इंजिन, हे मी आधीच सांगून टाकतो. ठेवायची का विकायची, हे एअरबॅग, ब्रेकचं तेल, रबर आणि पत्रा या गोष्टी बघून ठरवायचं. आणि त्यातल्या पहिल्या दोन तर ठेवायची म्हणा किंवा विकायची म्हणा, या आठवड्यातच बघायच्या आहेत.

एअरबॅग पहिली. टाकाटा नावाची जपानी कंपनी जगभरच्या कितीतरी मोटारकंपन्यांना एअरबॅगचे इन्फ्लेटर पुरवायची. फुगा फुगवण्यासाठी त्यात अमोनियम नायट्रेट वापरलेलं असायचं. उष्णता आणि दमटपणा यांच्या माऱ्यात वर्षानुवर्षं राहिलं की हे रसायन बिघडतं. मग अपघाताच्या वेळी ते गरजेपेक्षा जास्त जोराने पेटतं, इन्फ्लेटरचं धातूचं कवच फुटतं आणि त्याचे तुकडे समोर बसलेल्या माणसाच्या अंगावर येतात. जगभरात यात माणसं दगावली आहेत. टाकाटा कंपनी 2017 मध्ये दिवाळखोरीत गेली, पण तिचे इन्फ्लेटर गाड्यांमध्ये राहिले. होंडाने भारतातही त्या काळातल्या सिटी, जॅझ, सिविक आणि अकॉर्ड टप्प्याटप्प्याने परत बोलावून ते बदलून दिले. तुमची 2011 ची गाडी त्याच काळातली आहे आणि तिने सगळं आयुष्य कोकणच्या उष्ण, दमट हवेत काढलंय. अशी हवा या रसायनाला सगळ्यात वाईट.

बाबांनी बाहेरच्या गॅरेजला सर्व्हिसिंग केलं असेल तर कंपनीचं पत्र किंवा फोन त्यांच्यापर्यंत पोचलाच असेल असं धरून चालू नका. आरसी बुकवर सतरा अक्षर-अंकांचा चासी नंबर असतो. होंडाच्या संकेतस्थळावर तो टाकला की गाडी रिकॉलमध्ये, म्हणजे परत बोलावलेल्या गाड्यांत, आहे का, ते कळतं. असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला इन्फ्लेटर फुकट बदलून मिळतो, गाडी कितीही जुनी असो आणि कितव्याही मालकाकडे असो. काम बाकी आहे असं दिसलं तर ते होईपर्यंत ही गाडी रोज खेडला नेऊ नका, एसटीने जा. मी उगाच घाबरवत नाही. हा दोष असा आहे की तो चालवताना कधीच जाणवत नाही.

त्याच्याच जोडीला एक छोटी तपासणी घरी करा. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागून राहिला तर दोष आहे. अजिबात लागलाच नाही तर तेही वाईट, कारण दोष लपवण्यासाठी कुणीतरी तो दिवाच बंद केलेला असू शकतो. पुराचं पाणी येऊन गेलेल्या गाडीत हे मुद्दाम बघायचं. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, अगदी फरशीलगत असतं.

आता पुराचं. निम्म्या चाकापर्यंत पाणी म्हणजे फार नाही असं वाटतं. पण सिटी ही बुटकी गाडी आहे, पोटाखाली जेमतेम सोळा सेंटिमीटर जागा. निम्म्या चाकापर्यंत पाणी आलं म्हणजे गाडीची फरशी पाण्याखाली होती. 22 जुलैचं वाशिष्ठीचं पाणी कसलं होतं ते तुम्ही पाहिलंय, त्यात चिखल किती होता तेही. फरशीला वायरी आत घेण्यासाठी भोकं असतात, त्यांना रबरी बुचं असतात, आणि जुन्या बुचांतून पाणी आत शिरतं. वरचा गालिचा वाळतो, पण त्याखालचा फोम महिनोन् महिने ओला राहतो आणि फरशीचा पत्रा आतून खातो. म्हणून पुढच्या दोन्ही सीटखालचा गालिचा उचलून बघा. हाताला माती लागली, कुबट वास आला किंवा सीटच्या बोल्टवर तांबूस गंज दिसला तर पाणी आत आलं होतं. लगेच विका असा त्याचा अर्थ नाही, पण सगळं उघडून, वाळवून, गंज खरवडून घ्यावा लागेल. चाकांचे बेअरिंग घरघरतात का आणि मागच्या ड्रम ब्रेकमध्ये चिखल बसलाय का, हेही त्याच वेळी बघून होईल.

ब्रेकच्या तेलाबद्दल मात्र मला जरा जास्त लिहायचंय, कारण तुम्ही कुंभार्ली उतरता आणि मागे मुलं असतात.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. तो त्याचा गुणच आहे, डबी बंद असली तरी रबरी पाइपांतून आणि झाकणातून बाष्प आत जातच राहतं. बाटलीवर डॉट 3 (हा ब्रेक ऑइलचा दर्जा) लिहिलेलं नवं तेल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 चे हेच आकडे 230 आणि 155. सपाट रस्त्यावर खेडला जाता-येताना हा फरक कधीच कळणार नाही. पण हेळवाकहून पोफळीकडे उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला की डिस्क तापतात, ती उष्णता कॅलिपरमधल्या तेलापर्यंत पोचते, त्यातलं पाणी उकळतं आणि पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते. मग पॅडल सरळ खाली जातं आणि गाडी थांबत नाही. कोकणातल्या दमट हवेत ज्या गाडीचं ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं बदललेलं नाही, तिला घाटात हा धोका खराखुरा आहे. दर दोन-तीन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं असतं. वरून भर घालून उपयोग नाही, चारही चाकांतून जुनं तेल काढून नवं घालायचं. खर्च नव्या टायरच्या किमतीपुढे किरकोळ आहे. घाटात जाण्याआधी हे करून घ्याच, बाकी सगळं नंतर.

आणि न्यूट्रल. बाबांवर रागावू नका. कार्बोरेटरच्या गाड्या चालवलेल्या पिढीला ही सवय सहज लागली, आणि तेव्हा तिच्यात थोडंफार तथ्यही होतं. पण तुमच्या सिटीत फ्युएल इंजेक्शन आहे. गाडी गिअरमध्ये असताना तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि चाकं इंजिनाला फिरवत असली, की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो. त्या वेळी पेट्रोलचा खर्च शून्य. न्यूट्रलला टाकली की मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे पेट्रोल वाचत तर नाहीच, उलट इंजिनाचा अडसर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. घाट ज्या गिअरमध्ये चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. तीव्र वळणाआधी दुसरा, मोकळ्या उतारावर तिसरा. इंजिनाचा आवाज वाढेल, तीन-साडेतीन हजार आरपीएमवर जाईल, ते इंजिन त्याच्या दुप्पट फेऱ्यांसाठी बांधलेलं आहे. ब्रेक सतत चोळायचा नाही. ठाम दाबायचा, वेग कमी करायचा, सोडायचा, म्हणजे डिस्कला गार व्हायला वेळ मिळतो. सवय बदलायला एक-दोन घाट लागतील, मग हातापायाला आपोआप जमेल.

रबराकडे येऊ. गाडीचं वय किलोमीटरवर मोजायचं आपल्याला वळण लागलंय, आणि 94 हजार हे या इंजिनाला खरंच फार नाहीत. पण रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. 2319 असं लिहिलेलं असेल तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांपुढचा टायर कडक झालेला असतो आणि पावसात ओल्या डांबरावर धरत नाही. स्टेपनीचाही शिक्का बघा, ती बऱ्याचदा गाडीबरोबरचीच निघते. रेडिएटरचे होज पाइप, इंजिनाच्या बाहेरून फिरणारा बेल्ट, इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते माउंट आणि खालच्या बाजूला चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश, सगळ्याला हाच न्याय. स्पीडब्रेकरवरून जाताना खालून "टक टक" येत असेल तर बहुधा लिंक रॉड किंवा बुश. फिटरने "शॉकअप गेले" असं म्हटलं तर आधी बुश बदलून बघायला सांगा, कितीदा तरी तेवढ्यावर भागतं.

कूलंटमध्ये नळाचं पाणी, हे मात्र लगेच सुधारायला हवं. इंजिन आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचे आहेत. पाण्यातले क्षार आतल्या बारीक नळ्यांत बसतात आणि धातू आतून कुरतडला जातो. जुनं पाणी पूर्ण काढून, आत स्वच्छ करून, होंडाचं तयार निळं कूलंट भरून घ्या. ते मिसळलेलंच येतं, त्यात वरून पाणी घालायचं नाही. तुमच्या सिटीत तापमानाचा काटा नाही, हे लक्षात ठेवा. गार असताना निळा दिवा लागतो, तापलं की लाल. मधलं काही कळत नाही. लाल दिवा लागला की "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" असा विचार करायचा नाही. बाजूला घ्या, बंद करा, गार होऊ द्या, गरम असताना झाकण उघडू नका. या मजबूत इंजिनाला संपवण्याचा हा एकच सोपा रस्ता आहे, तापलेलं असताना आणखी पाच किलोमीटर चालवणं. हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि मग खर्च गाडीच्या किमतीला भिडतो.

आता इंजिनाबद्दल, कारण गॅरेजवाल्यांना उत्तर द्यायचंय. त्यांना नम्रपणे सांगा, फ्लश आणि डीकार्बनायझिंग नको. दरवर्षी ऑइल बदललेल्या इंजिनाला बाहेरून रसायन घालून धुण्याची गरज नसते. त्याऐवजी दोन कामं सांगा. एक, टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट) तपासून सेट करा. होंडाच्या या इंजिनात तो हाताने सेट करावा लागतो, आपोआप होत नाही, आणि 94 हजारांत कुणी केलेला नसेल अशी मला दाट शंका आहे. गार इंजिन सुरू करताना वरून टिकटिक येत असेल तर तेच. दुसरं, एअर फिल्टर आणि प्लग बघा. गाडी उभी असताना इंजिनाचे आरपीएम वरखाली होत असतील तरच थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) साफ करा. ऑइल पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच घ्या, होंडा पेट्रोल इंजिनांसाठी 0डब्ल्यू-20 सारखं पातळ तेल सांगते. "जुनी गाडी आहे, जाड टाकू" हा सल्ला ऐकू नका. या इंजिनातला व्हीटेक (वेगानुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा) तेलाच्या दाबावर चालतो आणि व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणाऱ्या टायमिंग चेनचा ताणही तेलावरच अवलंबून असतो. चेन आहे, बेल्ट नाही, म्हणजे ठरावीक किलोमीटरला बदलायची भानगड नाही. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा ऑइल बदला. बाबांनी हे एक काम न चुकता केलं, म्हणून इंजिनाची मला काळजी नाही. त्यांना हे माझ्या नावाने सांगा.

बाबांच्या "जपानी गाडीला काही होत नाही" या विश्वासाचं मूळ मला कळतं. डिसेंबर 1983 मध्ये सुझुकीच्या भागीदारीतली मारुती 800 रस्त्यावर आली. त्याआधी अँबॅसॅडर आणि पद्मिनी चालवणाऱ्यांना बोनेट उघडून उभं राहणं नेहमीचंच होतं. कार्बोरेटर, पॉइंट, प्लग, काही ना काही चालूच. त्यांच्या हातात अशी गाडी आली की ती सकाळी एका चावीला सुरू व्हायची. मग 1998 मध्ये होंडा सिटी आली, 2000 मध्ये टोयोटाची क्वालिस. एका पिढीचा अनुभव खरा होता. पण खुद्द जपानमध्ये काय होतं ते बघा. तिथे खाजगी मोटारीला नवी असताना तिसऱ्या वर्षी आणि मग दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी असते, "शाकेन" म्हणतात तिला. ब्रेक, दिवे, धूर, स्टिअरिंग, खालचा पत्रा, सगळं बघून पास झाली तरच गाडी रस्त्यावर. त्या निमित्ताने बहुतेक जण तेलं आणि झिजलेले भाग बदलून घेतात. जपानी गाडीचं तिथलं नाव या सवयीवरही उभं आहे. आपण गाडी आणली, सवय आणली नाही. ही गाडी हेळसांड बराच काळ सोसते, कुरकुर न करता, आणि म्हणूनच काय काय थकलंय ते मालकाला कळत नाही.

ई-20 बद्दल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घसरणार, यात वाद नाही. नीती आयोगाच्या समितीने 2021 च्या आराखड्यात जुन्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट धरली होती. म्हणजे लिटरला पंधरा देणारी गाडी चौदा देईल. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवरचा परिणाम हा दुसरा प्रश्न, आणि तिथे तुमचं नशीब बरं आहे. 1 जानेवारी 2009 नंतर बनलेल्या आपल्या गाड्यांचे भाग ई-20 ला चालतात, असं होंडाने 2025 मध्ये जाहीर केलंय. तुमची त्यात बसते. एवढंच करा की पावसाळ्यात आणि सुट्टीत गाडी उभी राहणार असेल तर टाकी निम्म्याहून रिकामी ठेवू नका. इथेनॉल बाष्प ओढतं आणि रिकाम्या टाकीत दमट हवेला जागा मिळते. मे महिन्यात शाळा बंद असली तरी आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर फेरी मारून आणा, त्याने बॅटरी, ब्रेक आणि एसी सगळंच नीट राहतं.

आता पत्रा, ज्यावर शेवटचा निर्णय अवलंबून आहे. इंजिन खोलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण गंजलेली बॉडी परत घट्ट होत नाही. अपघातात मुलांना वाचवणारी गोष्ट म्हणजे सीटबेल्ट आणि त्यांच्याभोवतीचा पत्रा. मागे बसलेल्या मुलांनीही बेल्ट लावायचाच, खेडपर्यंत का असेना.

गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा आणि स्वतः खाली उभं राहून टॉर्चने बघा. फिटर तोंडी सांगेल त्यावर जाऊ नका. दरवाजांखाली लांबीभर गेलेला पेटीसारखा पत्रा, चाकांच्या कमानी, मागचा आडवा ॲक्सल, पुढच्या शॉकअपचं वरचं टोक जिथे बसतं ती जागा, डिकीत स्टेपनीचा खड्डा आणि ब्रेकचे लोखंडी पाइप, एवढं नीट बघायचं. वरवरची तांबूस भुकटी असेल तर चिंता नाही, खरवडून, प्रायमर मारून थांबवता येते. स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर लावून टेकवा. टणक लागलं तर चांगलं. आत गेलं किंवा पापुद्रे सुटले, आणि तेही दरवाजाखालच्या पेटीत किंवा शॉकअपच्या जागी, तर त्या गाडीवर आणखी एक रुपयाही घालू नका. विका, आणि घेणाऱ्याला गंज दाखवून विका.

एक गोष्ट आवर्जून. गंजावर काळं रबरी अंडरकोटिंग मारून देणारे पुष्कळ आहेत. दिसायला छान, पण आतला ओलावा कोंडला जातो आणि पत्रा आणखी वेगाने कुजतो. आधी धुणं, वाळवणं, खरवडणं, मग कोटिंग. पोकळ पेट्यांच्या आत मेणासारखं कोटिंग फवारून मिळालं तर उत्तम. आणि फुकटातला उपाय म्हणजे दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती सुईने मोकळी ठेवा. वायपरखालच्या जाळीत आंब्या-फणसाची पानं साचतात, ती पावसाआधी काढा. गुहागरला समुद्रावर गेलात तर दुसऱ्या दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या.

पंधरा वर्षांचं म्हणाल तर भावाचा थोडा गैरसमज झालाय. पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली आणि आसपासच्या भागापुरती होती, ती महाराष्ट्राला लागू नाही. इथे आरटीओत गाडी नेऊन तपासणी करून घ्यायची, की आरसी पाच वर्षांसाठी वाढते. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून फॉर्म 25 भरता येतो. नूतनीकरणाची फी केंद्राने 2022 पासून मोटारीला पाच हजार केली आहे, त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला तर दरमहा पाचशे रुपये चढतात, तेव्हा डिसेंबर उजाडायची वाट बघू नका. विमा आणि पीयूसी चालू हवं, आणि एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असल्यामुळे नवी एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेटही लावलेली हवी. गाडी बाबांच्या नावावरच असेल तर नाव बदलण्याचं काम आधी उरका, मग पासिंग. विमाही तुमच्या नावावर आला पाहिजे, नाहीतर दाव्याच्या वेळी त्रास होतो.

भावाचं एक म्हणणं मात्र मला पटतं. नव्या गाड्या सुरक्षेत पुढे गेल्यात. ओल्या वळणावर गाडी घसरू लागली की एकेक चाकाला ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा तुमच्या सिटीत नाही. घरात पैसा मोकळा असता तर मी नवी घ्या म्हटलं असतं. पण हप्त्याच्या ओझ्याखाली, केवळ पंधराच्या आकड्याला घाबरून घेऊ नका. आणि उंच दिसते म्हणून सुरक्षित असंही समजू नका. गाडी धडकवून तिला सुरक्षेचे तारे देणारी भारत एनकॅपची चाचणी 2023 पासून सुरू झाली आहे, पुढे कधी घ्याल तेव्हा त्या मॉडेलचे तारे आधी बघा.

तेव्हा माझं उत्तर असं. चासी नंबर आजच तपासा. ब्रेक ऑइल आणि कूलंट या आठवड्यात. गालिचा उचलणं आणि लिफ्ट येत्या रविवारी, बाबांनाही बरोबर न्या. पत्रा टणक निघाला तर टायर, बुश आणि टॅपेटवर खर्च करा, पासिंग करून घ्या आणि पुढची पाच वर्षं निर्धास्त चालवा. सुटे भाग घेताना बिलासकट घ्या. ब्रेक पॅड, फिल्टर आणि प्लग यांत नकली माल फार आहे, आणि डेन्सो किंवा एनजीकेचं नाव छापलेली खोकी हुबेहूब मिळतात. लिफ्टवर असताना दरवाजाखालच्या पेटीचे आणि पुढच्या शॉकअपच्या जागेचे फोटो काढून मला पाठवा. स्क्रूड्रायव्हर टेकवलेल्या ठिकाणचा एक जवळून घ्या, म्हणजे पत्र्याबद्दल मला नेमकं सांगता येईल.